बबिनातला उन्हाळा आणि हृदयाच्या गोळ्या

फौजेत नाडी कमी असणं ही मिरवायची गोष्ट. पळणाऱ्या जवानाची नाडी सकाळी पन्नास-पंचावन्न लागली की नर्सिंग असिस्टंट खूश होऊन म्हणतो, "इंजन बढ़िया है." यंदा मे महिन्यात बबिनाच्या एमआय रूममध्ये माझी नाडी ५४ लागली, तेव्हा मात्र तसं कोणी म्हणालं नाही. ती माझ्या पळण्याची कमाई नव्हती, मेटोप्रोलॉल नावाच्या गोळीची होती.

मार्चमध्ये मला हार्ट अ‍ॅटॅक आला. एक स्टेंट बसला, चार आठवडे सिक लीव्ह गावी काढली आणि परत येऊन युनिटमध्ये हजर झालो. बबिना म्हणजे झाशीहून ललितपूरला जाताना लागणारी छावणी. खडकाळ माळ, पळसाची झाडं, फायरिंग रेंजची धूळ आणि मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जाणारं ऊन. हृदयाच्या नव्या गोळ्या अंगवळणी पाडायला याहून वाईट जागा शोधावी लागेल.

गोळ्या पाच. रक्त पातळ राहण्यासाठी दोन, कोलेस्टेरॉलची एक. या तिघींचा त्रास एवढाच, की दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. खरी झुंज उरलेल्या दोघींशी होती, मेटोप्रोलॉल आणि रामिप्रिल.

मेटोप्रोलॉलचा डोस २५ वरून ५० झाला आणि मेसपासून ऑफिसपर्यंतचं तीनशे पावलांचं अंतर पाठीवर पिट्ठू लादल्यासारखं वाटू लागलं. छातीत दुखत नव्हतं, दम लागत नव्हता, नुसतं अंग जड. बोटांची टोकं त्या उन्हातही गार. आणि स्वप्नं! तंगधारच्या बर्फातली जुनी पोस्ट, बावीस वर्षांपूर्वीची माणसं, कोणीतरी चहा मागतंय आणि स्टोव्ह पेटत नाही. सगळं इतकं खरं, की जाग आल्यावर मी अंधारात बूट शोधायचो. मेडिकल ऑफिसर मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. ही गोळी मेंदूपर्यंत पोचते, काहींना अशी स्वप्नं पडतात, म्हणाल्या. रात्रीची गोळी सकाळी घ्यायला लावली. स्वप्नं कमी झाली. थकवाही तीन-चार आठवड्यांत उतरला, पुरता नाही, पण पिट्ठूमधले दगड गेले.

चालायचं किती, हा वेगळाच पेच. आम्ही आयुष्यभर नाडी मोजून दम जोखला. ही गोळी नाडी वर चढूच देत नाही, मग जोखायचं कशावर? मॅडमची पट्टी सोपी होती. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये इतपत वेग. मी कॉलनीच्या रस्त्यावर गाणं म्हणून बघायचो, सफाईवाला दोनदा थांबून बघून गेला.

रामिप्रिलने आधी चक्कर दिली. खाटेवरून झटकन उठलो की डोळ्यांपुढे अंधारी. बिगुल ऐकून उडी मारून उठणाऱ्या माणसाला हे शिकावं लागलं: आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, मिनिटभर थांबायचं, मग उभं राहायचं.

नंतर खोकला आला. कोरडा, घशात केस अडकल्यासारखा, आडवं झालं की जास्त. शेजारच्या खोलीतले सुभेदार साहेब भिंतीवर टकटक करायचे. फोनवर बायको म्हणाली, "अहो, माठातलं गार पाणी पिता म्हणून होतंय. हळद घालून दूध घ्या." हळद घेतली, ज्येष्ठमध चघळलं, फरक शून्य. युनिटमधला माझ्याच तालुक्यातला हवालदार हळू आवाजात म्हणाला, "साहेब, बोर्डापर्यंत दाबा खोकला. आणखी एक तक्रार कागदावर आली तर कॅटेगरी सुटायची नाही."

त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. मी टेम्पररी लो मेडिकल कॅटेगरीत होतो, चोवीस आठवड्यांनी बोर्ड आणि पुढे नायब सुभेदाराचा सुभेदार होण्याचा सवाल. शिवाय सिक रिपोर्ट करणाऱ्याला आपल्याकडे बहाणेबाज म्हणायची चाल आहे. "कोई तकलीफ?" "नहीं साब." हे उत्तर आम्ही इतकी वर्षं दिलं, की ते तोंडातून आपोआप येतं. पण ओपीवरचा जवान हालचाल दिसली तर लॉगमध्ये वेळेसकट लिहितो, साहेबांना आवडेल की नाही हे बघत नाही. मी वही केली. गोळीची वेळ, नाडी, बीपी, खोकला कधी, किती. ती वही घेऊनच मॅडमसमोर बसलो.

"साब, ये खाँसी दवा की है, गले की नहीं," त्या पान उलटता उलटता म्हणाल्या. रामिप्रिल शरीरातल्या एका एन्झाइमला अडवते, त्याने बीपी उतरतो. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडतं. तो साचला की काहींना खोकला सुटतो. रामिप्रिल बंद करून टेल्मिसार्टन दिली. खोकला दुसऱ्या दिवशी गेला नाही, तिसऱ्या आठवड्यात गेला. कागदावर तक्रार चढली ती चढलीच, आणि बोर्डात तिचं काय होईल ते बोर्ड ठरवेल.

हे एवढं लिहायचं कारण माझ्याच पलटणीतून रिटायर झालेला, गावाकडचा एक हवालदार. त्यालाही मेटोप्रोलॉल. पेरणीच्या दिवसांत अंग जड वाटतं म्हणून त्याने कोणाला न विचारता गोळी बंद केली. चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी बांधावरच छातीत कळ आली, पोराने जीपमध्ये घालून साताऱ्याला नेला म्हणून वाचला. ही गोळी एकदम सोडली की इतके दिवस दाबून ठेवलेलं हृदय उसळून धावतं. कमी करायची तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतात. "थकवा सांगायला लाज वाटली," असं तो मला म्हणाला. ज्याने गोळीबारात जखमीला खांद्यावर आणलं, त्याला पॉलिक्लिनिकच्या खिडकीत थकवा सांगायची लाज!

पेन्शनर मंडळींसाठी आणखी दोन गोष्टी. ईसीएचएसमधून दर वेळी त्याच कंपनीची गोळी मिळेल असं नाही, म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. मेटोप्रोलॉल सक्सिनेट दिवसभर हळूहळू उतरणारी असते, ती चावू किंवा कुटू नये. टार्ट्रेट सहसा दिवसातून दोनदा घेतात. आणि गुडघे. आपल्या सगळ्यांचे गुडघे गेलेले असतात आणि एमआय रूमच्या काळापासून ब्रुफेन आपल्याला चण्यासारखी वाटते. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असताना तिने किडनीवर ताण येतो, बीपी वाढतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्रावाची भीती. परवा माझा गुडघा दुखला तेव्हा पोराने सवयीने पट्टी पुढे केली. मी ती परत दिली आणि मॅडमना विचारून पॅरासिटामॉल घेतली. गुडघा अजून दुखतोय.