हुकामागचं लोखंड

8 जून

घाटमाथ्यावर पाऊस पोचला आणि शेडसमोर गाड्यांची रांग लागली. सकाळी एक तरुण कोरी थार घेऊन आला. मोबाईलवर फोटो दाखवला : पुढे जाड पाईपचा गार्ड, त्याच्या वरच्या पाईपला दोन लाल शॅकल, म्हणजे पट्टा अडकवायच्या पिनवाल्या कड्या. "काका, अस्साच पाहिजे. रुतलो तर ओढायलाही होईल."

गार्ड करत नाही म्हणून सांगितलं. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र धाडलं होतं, की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत, कारवाई करा. "पण रस्त्यावर तर सर्रास दिसतात!" दिसतात, खरंय. चलनाची भीती घालण्यात मलाही रस नव्हता. चासीच्या टोकाला एक भाग मुद्दाम चुरगळण्यासाठी ठेवलेला असतो. त्याला गार्डने टेकू दिला की धडकेचा धक्का वेगळ्या तऱ्हेने आत पोचतो, आणि एअरबॅग उघडायची की नाही, कधी उघडायची, हे त्या धक्क्यावरच ठरतं. शिवाय हा पाईप रस्ता ओलांडणाऱ्या पोराच्या छातीच्या नाहीतर डोक्याच्या उंचीला येतो. एवढं एकच कारण मला पुरेसं आहे.

मग विचारलं, "त्या शॅकलला ओढलं, तर ती ओढ कुठून कशी चासीपर्यंत जाणार?" त्याने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. फोटोत ते दिसत नाहीच.

9 जून

एका जुन्या बोलेरोचा गार्ड काढायला घेतला. मालकाला पासिंगला न्यायचीय. बाहेरून गार्ड चांगला भरभक्कम, पाईपवर काळी पावडर कोटिंग. मागे हात घातला तर 3 मिलिमीटरची पट्टी, दर बाजूला 10 चे दोन बोल्ट, भोकं लांबट, म्हणजे कुठल्याही गाडीला सरकवून बसावीत म्हणून ठेवलेली. एका बाजूचं भोक ओढीने आणखी लांबलं होतं. कुणीतरी यालाच साखळी लावली असणार. बोल्टच्या डोक्यावर आकडाच नाही.

आमचा वेल्डर म्हणाला, "पाईप तर मजबूत आहे ना." पाईप असेल. जेवताना पाटीवर खडूने मांडून दाखवलं. डोक्यावर 8.8 लिहिलेला 12 चा बोल्ट कातरीत तुटायला साधारण चार टन लागतात, 10 चा पावणेतीनलाच जातो. बिनआकड्याचा साधा बोल्ट असेल तर त्याच्या निम्मं धरायचं. पण खरी गोम तरफेत आहे. वरच्या पाईपला, म्हणजे बोल्टांच्या जागेपासून 40 सेंटिमीटर वर, एक टन ओढ दिली आणि पट्टीची उंची 10 सेंटिमीटर असली, तर वरच्या बोल्टांना चार टनांचा ताण बसतो. वरती शॅकल लावायला जागा मोकळी मिळते आणि फोटोही छान येतो, म्हणून लोक नेमके तिथेच लावतात.

14 जून, रविवार

आमच्या ऑफ-रोडिंगच्या ग्रुपबरोबर वेल्ह्याच्या बाजूला. भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर एक जिप्सी रिमपर्यंत बसली. कुणी ओढायला लागायच्या आत बांधावरून एक मामा ट्रॅक्टर घेऊन हजर, हातात साखळी. मदतीला असे धावून येणारे लोक आहेत म्हणून आपले हे शौक चालतात. साखळी मात्र ते सापडेल त्याला अडकवतात : गार्ड, स्टॅबिलायझर बार, स्प्रिंगचा शॅकल, काहीही.

मामांना दोन विनंत्या केल्या. साखळीऐवजी आमचा पट्टा, आणि ट्रॅक्टरला तो खालच्या ड्रॉबारलाच. टॉप लिंकला बांधून जोर लावला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो चालवणाऱ्यावर मागे उलटतो. मामा हसले. "ते आमाला म्हाईत हाय. तुमी पोरं मागं घ्या." बरोबर बोलले. सगळी पोरं मोबाईल काढून पट्ट्याच्या अगदी शेजारी उभी होती.

15 जून

रात्री हिशेब. ओढणारी गाडी दोन टनांची, वेग ताशी 10 किलोमीटर : गतिज ऊर्जा सुमारे 7,700 ज्यूल. रुतलेली हललीच नाही असं धरू. मध्ये साखळी असेल आणि सगळं मिळून 10 सेंटिमीटर ताणलं, तर सरासरी ओढ पावणेआठ टनांच्या घरात जाते. नऊ मीटरचा नायलॉनचा पट्टा 20 टक्के ताणला तर तीच ऊर्जा 1.8 मीटरमध्ये जिरते. सरासरी साडेचारशे किलोच्या आत, शिखर धरलं तरी टनभर. चाकांचा जोर वर वेगळा. वेग 20 केला की ऊर्जा चौपट, म्हणून "जरा लांबून जोरात ये रे" म्हणणाऱ्याला मी आधी बाजूला करतो.

पट्टा असा धक्का गिळतो खरा, पण गिळलेली ऊर्जा त्याच्यातच साठून राहते. पट्टा ताणलेला असताना हूक तुटला तर त्या पट्ट्याची गोफण होते आणि हूक तिचा दगड. ऑस्ट्रेलियात टोबॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचे गोळे, असे तुटून उडाले आणि माणसं गेली. पर्थला असलेला मावसभाऊ सांगतो, तिथे कांगारूंमुळे बुल बार, म्हणजे असेच पुढचे गार्ड, घरोघरी, त्याला AS 4876 नावाचं मानक, एअरबॅगशी जुळवून घेतलेले बार. तरीही ओढायचे हूक बारवर नसतात, ते वेगळे, थेट चासीला.

19 जून

शॅकल आले. अंगावर WLL 4.75T, म्हणजे कामाचा कमाल भार, कोरलेला, पिन 22 मिलिमीटरची. बाजारात तसेच दिसणारे, निम्म्या किमतीचे, काहीही न लिहिलेले मिळतात. ते दारावर लटकवायला ठीक.

23 जून

थारवाला परत आला. गार्डचा हट्ट सोडून. दिवसभर त्याच्या गाडीखाली होतो.

आधी गाडीबरोबर आलेले हूक नीट पाहिले. सगळ्याच गाड्यांत जे दिसतं ते ओढायचं नसतं. नवी गाडी ट्रकवर बांधून आणायला खाली पातळ कड्या असतात, त्या फक्त बांधायच्या. कारच्या बंपरचं चौकोनी झाकण काढून आटे फिरवून बसवतात तो हूक बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर सरळ रेषेत न्यायला. चिखलातून हिसका देऊन, तेही तिरक्या ओढीने, काढायला नव्हे.

दोन्ही रेलना 10 मिलिमीटर प्लेटचे ब्रॅकेट केले, चुरगळणाऱ्या भागाच्या मागे, रेलच्या खालून, म्हणजे धडकेच्या कामात ते येत नाहीत. चासीला वेल्डिंग नाही, नवं भोक नाही. मूळ भोकांतून 12 चे 8.8 बोल्ट. रेल पेटीसारखी पोकळ आहे, बोल्ट आवळला की भिंती आत दबतात, म्हणून आत नळीचे तुकडे घातले. याच कामाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. पोरगा थोडा हिरमुसलाच. "काका, बाहेरून काहीच कळत नाही की."

28 जून, रविवार

तोच पोरगा रुतला, पानशेतच्या वरच्या अंगाला. आधी फावडं. चाकांपुढचा चिखल काढला, डिफरन्शियलखालची माती उकरली. रिमपर्यंत बसलेली गाडी काढायला साधारण तिच्या वजनाइतकी ओढ लागते असं धरतात, बॉडीपर्यंत गेली की तिप्पट. तेव्हा अर्धा तास खोदणं स्वस्त पडतं. मग दोन्ही ब्रॅकेटना मिळून Y आकाराचा पट्टा, दोन्ही रेलना भार वाटून. Y चे पाय जेवढे लांब तेवढं बरं : मधला कोन 60 अंश असेल तर प्रत्येक हुकावर ओढीच्या 58 टक्के येतात, 120 झाला की पूर्णच्या पूर्ण. पट्ट्यावर ओलं पोतं, माणसं लांबीच्या दीडपट मागे. गाडी एका हलक्या ओढीत बाहेर.

परत आल्यावर, आवळताना बोल्टवर केलेल्या पांढऱ्या खुणा पाहिल्या. डावीकडचा मागचा किंचित फिरलेला. सोमवारी टॉर्क रेंच लावायचा, आणि त्याला सांगायचं, प्रत्येक वेळी पहिल्या ओढीनंतर या खुणा पाहायच्या.