डॅफोडिलची आगगाडी

आपल्याकडे कोयना एक्सप्रेस आहे, डेक्कन क्वीन आहे. इंग्लंडमध्ये मात्र एका रेल्वेमार्गाला चक्क रानफुलाचं नाव पडलं होतं, ‘डॅफोडिल लाइन’!

ग्लॉस्टर ते लेडबरी हा छोटासा मार्ग १८८५ साली सुरू झाला. वाटेत डिमॉक नावाचं खेडं. मार्च उजाडला, की आसपासची कुरणं, फळबागा आणि रानं पिवळीधमक व्हायची. गावातली बायका-मुलं फुलं खुडायची, जुड्या बांधायची आणि भरलेल्या टोपल्या गाडीनं थेट लंडनकडे रवाना व्हायच्या. तेवढाच घरात चार पैशांचा आधार!

बागेतला डॅफोडिल उंच आणि भडक. हा रानातला भाऊ मात्र बुटका, वीत-दीड वीत उंचीचा. बाहेरच्या सहा पाकळ्या फिक्या आणि मधला कर्णा गडद पिवळा. आपला नर्गिस याचा सख्खा भाऊबंद. कांदा-लसूणही त्याच कुळातले! पण याचा कंद तोंडात घालायचा नाही हं, विषारी असतो.

झाडांना पालवी फुटण्याआधी ऊन जमिनीपर्यंत पोचतं. तेवढ्या दिवसांत हा पठ्ठ्या फुलून घेतो. उन्हाळ्यात पानंही वाळून जातात. जमिनीखाली उरतो तो कंद. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला मात्र पाच-सात वर्षं लागतात.

म्हणजे बघा, इतकी फुलं खुडूनही रान पिवळंच राहायचं, कारण कंद जागेवर असायचा. घात केला तो नांगरानं. धान्यासाठी जुनी कुरणं नांगरली गेली आणि कंदच उखडले. काही रानांत सूचिपर्णी झाडं लावली. त्यांची सावली बारमाही! १९५९ मध्ये प्रवासी गाडीही बंद झाली.

तरी डिमॉक, केम्पली आणि ऑक्सनहॉल या तीन गावांच्या परिसरात फुलं टिकून आहेत. राखलेल्या कुरणांत बी गळून पडेपर्यंत गवत कापत नाहीत. मालकाच्या परवानगीशिवाय कंद उपटायला १९८१ च्या कायद्यानं बंदी आहे. मार्चमध्ये लोक पायवाटांनी फुलं बघत हिंडतात आणि गावकरी त्यांना चहा-केक देतात.

आणि गंमत म्हणजे, २०२३ मध्ये लेडबरीहून या भागात बस सुरू झाली, तेव्हा तिचंही नाव ठेवलं ‘डॅफोडिल लाइन’!