झाडाला बोर्डो, आणि मायच्या कमरेला हळद



तीन दिवसांपासून बागेत खोडांना बोर्डो पेस्ट लावणं चालू आहे. पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी करतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचं, मग एकत्र करायचं. लोखंडी भांड्यात अजिबात नको. तयार झाल्यावर विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. मग जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावायचं.

मुख्य काम डिंक्या रोखायचं. पण आपल्या जालन्याच्या उन्हात ही पेस्ट अजून एक काम करते. मोसंबीची साल नाजूक. पानगळ झाली, छाटणी झाली की खोड उघडं पडतं, दुपारचं ऊन थेट सालीवर येतं, साल भाजते, तडकते आणि त्या फटीतून बुरशी आत शिरते. फिकट निळसर थर असला की बरंच ऊन बाहेरच्या बाहेर परततं. ज्यांची बाग नवी आहे त्यांनी हे टाळू नये.

परवा पेस्ट लावता लावता आमचा गडी म्हणाला, "दादा, झाडाला इतकं करता, अन् सोताच्या मानंला काऊन काहीच नाही?"

सगळे हसले. मीही हसलो. पण कातडीचा विषय निघाला की आमच्या घरात आता कुणी फार वेळ हसत नाही. ते का, हे सांगायचं बरेच दिवस मनात होतं. मायची परवानगी घेतली, मगच लिहितोय. ती म्हणाली, "लिही. पर माझं नाव नको टाकू, अन् फोटू तर मुळीच नको." म्हणून फोटो फक्त खोडाचा टाकलाय.

माय अडुसष्ट वर्षांची. घर आमचं जुन्या जालन्यात, बाग अंबड रस्त्याकडं, आणि माय अजून रोज बागेत येते. उभा जन्म लुगडं नेसली, मागच्या बारा-पंधरा वर्षांत गोल साडी आणि परकर. परकराची नाडी ती अशी आवळून बांधते की संध्याकाळी सोडल्यावर कमरेत बोटभर खोल वळ दिसतो. वाकून खुरपायचं, डोक्यावर ओझं घ्यायचं, नाडी ढिली राहून कसं चालेल, हे तिचं म्हणणं. कमरेला काळा पट्टा तर आपल्याकडं सगळ्यांच्याच असतो. बायांचा नाडीचा, आपला करदोड्याचा. त्याकडं कोण बघतं?

उजव्या बाजूला, जिथं गाठ येते तिथं, तिला आधी खाज होती. मग साल निघाली. मग जखम झाली. हळद लावली, खोबरेल लावलं, मेडिकलवरून खाजेची मलम आणून लावली. मलमीनं चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. असं दीड वर्ष. घरात कुणाला बोलली नाही. बाईमाणसानं कंबर कुणाला दाखवायची?

कळलं ते माझ्या बायकोला, धुण्याच्या दगडावर. परकरावर दर वेळी एकाच जागी पिवळट-लाल डाग आणि वास. ती मला दिवाळीत म्हणाली, "अहो, आत्याबाईंची जखम काही साधी दिसत नाही, दाखवून आणा." मी म्हटलं, कापूस घरात येऊ दे. कापूस आला, तर म्हटलं आंबे बहाराचा ताण तुटू दे. झाडाच्या बुंध्याला एक थेंब डिंक दिसला तर मी त्याच दिवशी चाकूनं खरवडून पेस्ट लावतो. मायला न्यायला मला फेब्रुवारी उजाडला. हे लिहिताना अजूनही बरं वाटत नाही.

कातडीच्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, नाडी कुठं बांधता?" जखमेच्या कडा जाड झाल्या होत्या, उचललेल्या. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. मी मधेच विचारलं, "डॉक्टर, उन्हानं झालं का?" कारण मोबाइलवर येणारं सगळं उन्हाचंच असतं. कातडीचा कॅन्सर म्हणजे ऊन, ऊन म्हणजे क्रीम. ते म्हणाले, ही जागा उन्हानं कधी पाहिली तरी आहे का?

रिपोर्ट कातडीच्या कॅन्सरचाच आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असं त्याचं नाव.

पुढं छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात ऑपरेशन झालं. जखमेच्या भोवतीची चांगली कातडीही बरीच काढावी लागली, मांडीची कातडी काढून तिथं बसवली. जांघेत गाठ आहे का ते तपासलं, नशिबानं पसरलेलं नव्हतं. महात्मा फुले योजनेत बसलं, म्हणून पैशाची ओढाताण झाली नाही. कागदपत्रांसाठी रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते मात्र आधीच बघून ठेवा. आमचे त्यात दोन दिवस गेले.

तिथं बाकड्यावर बसल्या बसल्या जे कळलं, आणि नंतर मी शोधून वाचलं, ते सांगतो. हा आजार आपल्या नेसण्याइतकाच जुना आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. व. रा. खानोलकर नावाचे मोठे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांनी १९४५ सालीच सहकाऱ्यासोबत लेख लिहून दाखवून दिलं होतं की घट्ट नेसलेल्या धोतरानं कमरेवर असा कॅन्सर होतो. 'धोती कॅन्सर' हे नाव तेव्हापासूनचं. पुढं साडीचंही नाव त्याला लागलं. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी मिळून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन बायांच्या केसेस छापल्या. एक सत्तरीची, परकर घट्ट बांधणारी, जखम दीड वर्षाची. दुसरी साठी उलटून गेलेली, चाळीस वर्षं लुगडं नेसणारी, तिची दोन वर्षांची, आणि तिच्या जांघेच्या गाठीपर्यंत ते पोचलेलं. वाचताना मला वाटलं, कुणीतरी आमच्याच घरात येऊन लिहून गेलंय.

होतं असं की नाडी रोज त्याच जागी काचते, त्यात घाम, माती, उकाडा. कातडी सोलते, भरते, पुन्हा सोलते. वर्षानुवर्षं हेच चाललं की एखादी जखम भरायचं विसरते आणि तिच्यातच कॅन्सर धरतो. जुन्या भाजलेल्या व्रणातही हेच होतं. चुलीवर, स्टोव्हवर लहानपणी भाजलेलं असेल आणि तीस-चाळीस वर्षांनी त्याच व्रणावर जखम होऊन ती भरत नसेल तर ती दाखवाच. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत निखाऱ्याची कांगडी घेऊन बसतात, तिकडं तो पोटावर, मांडीवर होतो. तळपायावर, नखाखाली वाढणारा काळा डाग हा आणखी वेगळा प्रकार. आपण अनवाणी चालणारी माणसं, काटा रुतला असेल म्हणून सोडून देतो.

मग उन्हाचं काय? तेही विचारलं मी, नंतरच्या एका तपासणीला. डॉक्टर म्हणाले, आपल्या कातडीतला काळा रंग हीच आपली थोडीफार बोर्डो पेस्ट आहे. त्यामुळं उन्हानं होणारा कातडीचा कॅन्सर गोऱ्या लोकांच्या मानानं आपल्यात बराच कमी. ऑस्ट्रेलियात तो इतका की तिथल्या कॅन्सर संस्थेनं १९८१ पासून टीव्हीवर मोहीमच चालवली. आधी अंगात सदरा, मग क्रीम, मग टोपी असा तिचा क्रम. हे ऐकून मला आमच्या खुरपणीच्या बाया आठवल्या. नवऱ्याचा जुना फुल बाहीचा शर्ट साडीवर चढवून, डोकं-तोंड स्कार्फनं बांधून त्या कधीपासून रानात उतरतात. त्यांना कुणी मोहीम शिकवली नव्हती. उघड्या मानेनं फिरतो तो आम्ही गडी माणसं.

पण "कमी" म्हणजे "नाही" नव्हे. खालच्या ओठावर ऊन सरळ पडतं, त्यात तंबाखूची चिमूट तिथंच. ओठावर पांढरट चट्टा, साल, न भरणारी चीर असेल तर दाखवा. डोळ्यावर वाढणारं मांस उन्हा-धुळीनं येतं ते वेगळंच. आणि उष्माघात तर दरवर्षी माणसं नेतो. म्हणून अकरा ते तीन मी आता कुणालाच उघड्यावर कामाला लावत नाही. सकाळी साडेपाचला सुरू करतो. सुरुवातीला मजुरांची कुरकुर झाली, आता तेच वेळेआधी येतात.

एका पोरीचं मात्र सांगायलाच पाहिजे. आमच्याकडं मोसंबी तोडायला येणाऱ्या एका बाईची मुलगी, केस-पापण्या जन्मापासून पांढऱ्या, उन्हात डोळे उघडत नाहीत. अल्बिनिझम म्हणतात त्याला. तिच्या कातडीत तो रंगच नाही. म्हणजे ती आपल्यासारखी पेस्ट लावलेली नाही, उघडं खोड आहे. तिच्यासाठी ऊन हाच खरा कॅन्सरचा धोका, आणि तोही तरुणपणीच. तरी ती आईसोबत दिवसभर तोडणीत उभी राहायची. चेहऱ्यावर भाजल्यासारखे लाल चट्टे. आम्ही तिला शेडखाली प्रतवारी आणि क्रेट भरायच्या कामावर घेतलं, मजुरी तेवढीच. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, काळा चष्मा. क्रीम दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं लागतं, घामानं जातं. ते महाग आहे हे खरं, पण एका ट्यूबला जे लागतं त्याच्या कितीतरी पट आपण एका फवारणीत घालतो. तुमच्या ओळखीत असं लेकरू असेल तर त्याला उन्हातलं काम देऊ नका, आणि वर्षातून एकदा कातडीच्या डॉक्टरला दाखवा.

मायचं आता बरं आहे. दर काही महिन्यांनी तपासणी असते. डॉक्टरांनी नाडीऐवजी रुंद पट्टा किंवा सैल इलॅस्टिक वापरायला सांगितलं, बांधायची जागा खाली-वर बदलत राहा म्हणाले. बायकोनं गाऊन आणून दिला होता. माय म्हणाली, "मी काय आजारी हाय का गाऊन घालून हिंडायला?" शेवटी शिंप्याकडून चार बोटं रुंद पट्ट्याचे परकर शिवून घेतले. आता शेजारच्या दोघी-तिघींनीही त्याच शिंप्याकडं टाकलेत. मायनं त्यांना काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

आज ती शेडखाली बसून चुना नीट विरघळला का ते बघतीय, आणि गड्याला "अजून काडी फिरव" म्हणून ओरडतीय. साठ झाडं राहिलीत, उद्या सकाळी संपतील. परकर रुंद पट्ट्याचाच घातलाय तिनं, पण तो जुन्या सवयीनं पुन्हा आवळून बांधलाय का, ते बायको संध्याकाळी बघणार आहे.