कडू पेल्याचे गुण

औरंगपुऱ्यात राहून आम्ही तीस वर्षे इंग्रजी कादंबऱ्या शिकविल्या. त्यांतील सरायांत 'एल'चे पेले सारखे रिकामे होत असतात. "कडू पेय माणसे आवडीने कशी पितात, सर?" असे एका विद्यार्थ्याने विचारले, तेव्हा प्रश्न अप्रस्तुत ठरवून आम्ही त्यास खाली बसविले. खरे म्हणजे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते!

परवा तोच गृहस्थ विलायतेहून 'बिटर'ची बाटली घेऊन आला. आम्ही बर्फ मागविला. त्याने तो परत पाठविला. वाळूजच्या कारखान्यांतील बिअर थंडगार प्यावयाची. हिला तळघराचा गारवा, सुमारे १२ अंशांचा, पुरतो. अधिक थंडीने चव मिटते म्हणे. रंग तांब्याचा, फेस बेताचा. पहिल्या घोटास आम्ही शंभरांपैकी ३५ गुण दिले. दुसऱ्यास मोड आणून भाजलेल्या जवाचा खरपूस गोडवा लागला, आणि मागाहून हॉपच्या फुलांचा कडवटपणा मेथीच्या भाजीप्रमाणे जिभेवर रेंगाळला. अखेर ६२ दिले. पिंपातच आंबत राहिलेली एल याहून सरस, असे तो म्हणाला; म्हणून उरलेले गुण राखून ठेविले.

"आणि माझ्या त्या प्रश्नाला किती, सर?"

आम्ही पेला पुढे केला.