फॉर्म भरायच्या आधी

चि. मनू,


इराचं लसीकरणाचं कार्ड सापडलं. ताईच्या ट्रंकेत, विम्याच्या पावत्यांखाली होतं. फोटो लगेच पाठवणार होते, पण तुझा निरोप पुन्हा ऐकला आणि आधी लिहायलाच बसले. "कार्ड नाही मिळालं तर कन्सायन्सचा फॉर्म भरून टाकते, इथे पुष्कळजण भरतात." भरून टाकते म्हणजे काय गं?

लसीला तुझा विरोध असता तर मी वाद घातला असता. तो तर नाहीच. टेक्सासच्या सरकारला तू लिहून देणार की माझ्या सद्सद्विवेकाला लस मान्य नाही, आणि खरं कारण काय, तर कागद शोधायचा कंटाळा! रेशनकार्डावरचं आजींचं नाव त्या गेल्या त्याच महिन्यात कमी केलं म्हणून तुझ्या बाबांनी किती बोलणी खाल्ली, विसरलीस? 2025च्या सप्टेंबरपर्यंत तो फॉर्म सरकारकडून मागवावा तरी लागायचा, तेवढ्यात माणूस दोनदा विचार करी. आता थेट उतरवून घेता येतो. कॅलिफोर्नियाने मात्र डिस्नीलँडमधून गोवर पसरल्यावर 2015 साली कायदा करून असली सूट काढूनच टाकली. राहिली ती फक्त वैद्यकीय.

माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी ऐक. सूट ज्याला गरज आहे त्याची. रक्ताच्या कर्करोगावर औषधं चालू असलेल्या पोराला गोवराची लस देता येत नाही, कारण त्या लसीतला विषाणू अशक्त असला तरी जिवंत असतो. ते पोर वर्गात बसतं ते इतरांच्या भरवशावर. गोवराला अडवायचं तर शंभरातल्या पंचाण्णवांना तरी लस मिळालेली लागते. आजारी मूल खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. उरलेल्या पाचांत ज्यांना खरंच लस चालत नाही ती मुलं बसायची. तिथं तू कंटाळ्यापायी इराला नेऊन बसवणार, म्हणजे धडधाकट माणसाने म्हाताऱ्याच्या खालच्या बर्थवर पथारी पसरण्यासारखं झालं. तुमच्याच राज्यात गेन्स काउंटीत बालवर्गातल्या शंभरांपैकी ब्याऐंशीच मुलांची लस पूर्ण होती. 2025 साली तिकडे गोवर शिरला आणि टेक्सासात 762 जणांना झाला. शाळेत जाणारी दोन मुलं गेली. दोघांनाही लस दिलेली नव्हती.

माणच्या वाड्यांवर मी लसीचा डबा खांद्याला अडकवून फिरायचे, तेव्हा नकार मलाही मिळायचे. "बाई, पोराला ताप आला तर उद्या रानात कोण जाईल?" असं एकीनं विचारलं होतं. तिचा रोज बुडणार होता. तिला मी रागावले नाही, संध्याकाळी पुन्हा गेले. तिच्यापाशी कारण होतं. तुझ्यापाशी काय आहे? आणि तुझ्या सुमाआत्याचा कान कशानं गेला, हे मी तुला सांगायला हवं का?

असो. आता कामाचं. कार्डावर गोवर-रुबेलाचे दोन डोस आहेत, नवव्या महिन्यात आणि सोळाव्या महिन्यात. नवव्या महिन्यातला तिथं धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचाच मोजतात. शिवाय आपल्या सरकारी लसीत गालगुंडाची लस नसते आणि तिथली शाळा एमएमआरचे दोन डोस मागते. कांजण्या आणि हिपॅटायटिस ए या लसीही आपल्या सरकारी कार्यक्रमात नाहीत, त्या तिथं घ्याव्या लागतील. कार्ड तिथल्या डॉक्टरांपुढे ठेव, काय राहिलंय ते त्या सांगतील. एखादा डोस जास्तीचा झाला तरी अपाय नसतो. तेवढ्यासाठी घाबरू नकोस. रक्त तपासून काही रोगांविरुद्धची प्रतिकारशक्ती दाखवता आली तर तेही टेक्सासात चालतं, पण इवल्याशा दंडात सुई खुपसायचीच तर लसच टोचून घ्यावी, असं आपलं माझं मत.

मला खरी धास्ती धाकट्याची आहे. तो आता आठ महिन्यांचा. त्याची एमएमआर वर्षानंतर. तोवर त्याला आडोसा कोणाचा? इरा शाळेतून येते ती थेट त्याच्या गालाला गाल लावते, व्हिडिओत पाहते ना मी. परवा तो खोकत होता. ताप होता का? तू काही बोलली नाहीस. डॉक्टरांना दाखवलंस का? तान्ह्या पोराला गोवर म्हणजे नुसते पुरळ नव्हेत, फुप्फुसात उतरला की किती धावपळ होते ते मी पाहिलंय. रात्री झोप लागत नाही मग.

जावईबापूंना हे पत्र वाचून दाखव. मावशी चिडली म्हणतील, म्हणू देत. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आजच पाठवते. उद्या उठल्याबरोबर डॉक्टरांची वेळ घे, धाकट्याला सोबत ने आणि त्याचा खोकला कसा आहे ते मला त्याच दिवशी कळव.

तुझी,
मावशी