'हौशी' या शब्दाचा हिशेब

इंग्रजीतील 'अमॅच्युअर' या शब्दाला आपण मराठीत 'हौशी' म्हणतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी प्रेम आहे. आपल्या शब्दाच्या मुळाशी अरबी-फारसीतून आलेली 'हवस'. जत्रेतल्या हौशे, नवशे, गवशे या प्रतवारीत हौशांना पहिला मान मिळतो. नाटकाबद्दल किंवा खेळाबद्दल बोलताना मात्र तोच शब्द किंचित कमीपणाचा होतो. आमचे वडील, अण्णा, आयुष्यभर या दोन अर्थांच्या मध्ये राहिले. आधी कबड्डीचे हौशी खेळाडू म्हणून, आणि गुडघा निकामी झाल्यावर हौशी पंच म्हणून.

अण्णा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला होते. त्या काळचे अंबरनाथ म्हणजे भोंग्यांवर चालणारे गाव. ऑर्डनन्स होती, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी होती, विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना होता. पाळी सुटल्यावर मैदानात फक्कीने रेषा आखल्या जात आणि दिवसभर यंत्रासमोर उभी राहिलेली माणसे तासभर मातीत लोळत. शेजारच्या उल्हासनगरात, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी उभ्या राहिलेल्या त्या छावणीत, अण्णांचे दोन-तीन स्नेही होते. त्यांना मराठी बेताचेच येई. पण चढाई, पकड, लोण हे शब्द त्यांच्या तोंडी सहज बसले होते.

अण्णांना सर्वांत प्रिय होता तो 'दम'. चढाई करणाऱ्याने एका श्वासात, स्पष्ट ऐकू येईल असा 'कबड्डी'चा उच्चार चालू ठेवायचा. तो तुटला की चढाई संपली. पंचाला डोळ्यांइतकाच कान लागतो, असे ते म्हणत. हुतूतू म्हणून गावोगाव वेगवेगळ्या रीतींनी खेळला जाणारा हा खेळ नियमांत बांधला गेला, 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला त्याचे प्रात्यक्षिक केले, 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा मान मिळाला. हा सारा इतिहास आम्हां भावंडांना पाढ्यांसारखा पाठ होता.

पण या हौसेची दुसरी बाजू आईची होती. रविवार तिच्या वाट्याला कधी आलाच नाही. पंचगिरीचे मानधन म्हणजे प्रवासखर्च, एक श्रीफळ, क्वचित टॉवेल. "यातून मिळालं काय?" हा तिचा प्रश्न अण्णा हसून टाळत. पुढे आम्ही बदलापूरला राहायला आलो. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास नदीचे पाणी घरात शिरले आणि अण्णांची प्रमाणपत्रे, गुणपत्रके, नियमांच्या वह्या यांचा लगदा झाला. अण्णा म्हणाले, "खेळ तर खेळून झाला होता." रडली ती आई. आपले रविवार कुठे गेले, याचा एकमेव लेखी पुरावा तिच्या दृष्टीने त्या कागदांत होता.

2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. मॅट, दिवे, तीस सेकंदांचे घड्याळ. अण्णा कुरकुरतील असे आम्हांला वाटले होते. ते एवढेच म्हणाले, "पोरांना पैसे मिळतात, चांगलं झालं. आमच्या वेळी कबड्डीवर बँकेत किंवा रेल्वेत नोकरी लागली तरी चाळभर पेढे वाटत." मात्र समालोचन सुरू झाले की ते अस्वस्थ होत. "हे काय बोलतात ते राहू दे, तो काय बोलतोय ते ऐकवा ना."

साहित्य शिकवताना निरपेक्ष, निर्हेतुक निर्मितीचा गौरव आम्हीही करतो. अण्णांकडे पाहिल्यावर त्या गौरवात एक दुरुस्ती करावीशी वाटते. हौस निरपेक्ष असू शकते, फुकट नसते. कारखान्याचा पगार आणि घरातल्या बाईचे न मोजलेले श्रम तिच्या खाली असतात. हे ध्यानात घेतल्याने अण्णांचे प्रेम आम्हांला कमअस्सल वाटत नाही. त्याचे श्रेय दोघांच्या नावे मांडावे लागते, इतकेच.

अण्णा 2019 साली गेले. आई उभ्या आयुष्यात एकदाही मैदानावर गेली नाही. पण जेवताना अण्णांनी सांगितलेले सामने तिने चाळीस वर्षे ऐकले होते. परवा दूरदर्शन संचावर सामना चालू होता आणि ती भाजी निवडत बसली होती. पडद्याकडे न पाहताच म्हणाली, "दम तुटला त्याचा."