एका चिपचा नाताळ

डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी वसईला आलायत कधी? किल्ला बघून, फोटो काढून घाईघाईने परतीची गाडी पकडणाऱ्यांना मी धरत नाहीये. अंधार पडल्यावर नालासोपाऱ्याला उतरा आणि शेअर रिक्षाने पश्चिमेला, गास, निर्मळ, नंदाखालच्या पट्ट्यात या. केळीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता आणि घराघरावर तारा. कुठे अंगणात गोठा, कुठे विहिरीच्या कठड्यावर माळा. आमच्याकडे केक, नेवऱ्या वगैरे नंतर. आधी लायटिंग!

आमच्या घरचे लायटिंगमंत्री म्हणजे पप्पा. वसई पूर्वेच्या एका कंपनीत आयुष्यभर वायरमन. माझ्या लहानपणी त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. लाकडाचा रूळ, त्यावर तिरक्या ठोकलेल्या पितळी पट्ट्या आणि तो सावकाश फिरवणारी छोटी मोटर. रूळ फिरला की पट्ट्या एकेका पत्र्याला टेकायच्या आणि गेटपासून छपरापर्यंत दिवे धावायचे. खट्, खट्, खट्... शेजारची पोरं दिवे सोडून ते खोकंच बघायला यायची आणि हात लावायला गेलं की ओरडा खायची.

नंतर कधीतरी वाचलं, की १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने विजेच्या दिव्यांचं पहिलं ख्रिसमस ट्री सजवलं. लाल, पांढरे, निळे असे ८० बल्ब. झाड स्वतःभोवती फिरायचं आणि तसतसे दिवे लागायचे-विझायचे. म्हणजे माणसाला पहिल्या दिवसापासून नुसता उजेड पुरला नाहीच, तो नाचायलाही हवा! पप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘मग? माझा रूळ त्याच खानदानातला.’

रूळ माळ्यावर गेला तो मी २०१८ मध्ये पिक्सेलच्या माळा आणल्या तेव्हा. मी बँकेच्या बॅक ऑफिसात एक्सेल शीट भरते, पण सोल्डरिंग पप्पांनी बाराव्या वर्षीच शिकवलेलं. या माळांचं तंत्र भारी आहे. प्रत्येक दिव्यापाशी एक इवलीशी चिप असते, डब्ल्यूएस २८११ नावाची. कंट्रोलर एकाच वायरवरून सगळ्या माळेचे निरोप एकामागोमाग पाठवतो. पंगतीत भाताची परात फिरते ना, तसं. पहिला दिवा आपला वाटा, म्हणजे २४ बिट, काढून घेतो आणि परात पुढे सरकवतो. दुसरा आपला घेतो, पुढे सरकवतो. सेकंदाला आठ लाख बिट या वेगाने! मधला एक जण झोपला, की पुढची सगळी पंगत उपाशी.

तर २०२१चा डिसेंबर. ऑगस्टमध्ये पप्पांची बायपास झालेली. शिडीवर चढायला बंदी, म्हणून आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, २८ नोव्हेंबरला, मी वर आणि ते खाली खुर्ची टाकून सूचना द्यायला. पन्नास-पन्नास दिव्यांच्या चार माळा, त्यातली चौथी पप्पांनी स्वतः वाकवलेल्या सळईच्या ताऱ्यावर. आणि १ तारखेला आला अवकाळी पाऊस. आठवत असेल तुम्हाला, मुंबईपासून पालघरपर्यंत दिवसभर धार लागली होती. दुसऱ्या संध्याकाळी स्विच ऑन केला. तीन माळा झकास. तारा काळा.

एका दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, ‘कंट्रोलर गेला, मॅडम. सगळा सेटच नवीन टाका.’ पप्पा म्हणाले, ‘राहू दे बाय. यंदा नको तारा.’

आता ज्या माणसाने ८८ सालचा रेडिओ अजून फेकलेला नाही, तो ‘राहू दे’ म्हणतो, तेव्हा पोटात कसंतरी होतं. ऑपरेशननंतर हे फार वाढलं होतं. वाडीत पाणी सोडायचं? राहू दे. कॅरमचा डाव? राहू दे. मम्मी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, ‘तू कर काहीतरी. पण त्यांना बाजूला बसव.’

मग प्लग काढून सगळं दोन दिवस सुकवलं. पाणी शिरलेल्या सामानाला ओलं असताना करंट देऊन बघायचं नाही, हा पप्पांचा जुना कायदा. मग मल्टिमीटर. सप्लायमधून बारा व्होल्ट बरोबर येत होते. ताऱ्याची माळ दुसऱ्या, चालू आउटपुटला लावली. काळी. म्हणजे माळ खराब? मग चालू माळ ताऱ्याच्या आउटपुटला लावली. तीही काळी! म्हणजे माळ पण गेली आणि कंट्रोलर पण? इथे बहुतेक लोक हात टेकतात आणि नवा सेट ऑर्डर करतात.

पप्पा खुर्चीतून म्हणाले, ‘दोन चोर एकदम येत नाहीत. एकाच दरवाजाने आलेत. सांधा बघ.’

कंट्रोलर आणि माळ यांच्यामधला सांधा उघडला. आत हिरवी बुरशी आणि थेंबभर पाणी. या सांध्यात तीन वायरी शेजारी शेजारी: बारा व्होल्ट, निरोपाची वायर, निगेटिव्ह. निरोपाची वायर जेमतेम पाच व्होल्टची. पाण्यातून तिच्यावर बारा व्होल्ट चढले आणि दोन्हीकडे धावले. पुढे पहिला दिवा मेला, मागे कंट्रोलरमधली ७४एचसीटी२४५ ही चिप. मेंदूकडून निघालेला ३.३ व्होल्टचा निरोप पाच व्होल्टचा करून बाहेर पाठवणं एवढंच तिचं काम. तिच्या आत येणाऱ्या पायावर मीटरचा काटा हलत होता (पप्पांचा मीटर अजून काट्याचाच), बाहेर जाणाऱ्या पायावर ढिम्म. मेंदू शाबूत होता, फक्त तोंड बंद पडलं होतं.

आठवड्यातून दोन दिवस ऑफिस होतं. लोअर परळहून उलट्या दिशेने स्लो पकडून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. चिप वडापावच्या पैशात मिळाली. दोन घेतल्या. परतीच्या विरार लोकलमध्ये त्या इवल्याशा पुडीला मी भाईंदरच्या खाडीपर्यंत मुठीत धरून होते. त्या गर्दीत माणूस चेपतो, चिपच्या पायांचं काय!

शनिवारी, १८ तारखेला, ऑपरेशन. चिप सॉकेटमध्ये होती म्हणून सोल्डरिंग वाचलं. फक्त खाचेची बाजू जुळवायची, उलटी बसली तर तीही जाते. मेलेला पहिला दिवा कापून टाकला, निरोपाची वायर थेट दुसऱ्याला जोडली. मध्ये एक छोटा रेझिस्टर टाकला, पुन्हा असं झालं तर धक्का थोडा अडावा म्हणून. हा डाग पप्पांनी दिला. हात थरथरत होता, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून. मम्मी दारात उभी होती, काही बोलली नाही. सांध्यावर स्लीव्ह चढवून गरम केली आणि तो खाली तोंड करून लटकवला, वायरला सांध्याच्या आधी एक झोळ देऊन, म्हणजे पाणी झोळातूनच ठिबकेल.

स्विच. तारा लागला!

मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात विहिरीपाशी जाऊन उभे राहिलेले पप्पा ओरडले, ‘वरचं टोक चुकलंय. पांढरा एक घर सरकलाय.’

चष्मा न लावता. पन्नासातला एक कापला, म्हणून सगळी मोजणी एकने पुढे गेली होती. मोबाइलवर ५०चे ४९ केले, टोकाचा नंबर एकने कमी केला.

‘आता?’

‘आता बरोबर. पण गेटवरची माळ आळशी वाटते. स्पीड वाढव. आणि माळ्यावरून माझा रूळ काढ, त्याच्या पट्ट्या घासायच्यात.’